चार नंबर ओ देत नाय

मेघा डाव्या कुशीवर पडून गिरणीचा आवाज ऐकत होती. खिडकी आणि गिरणी यांच्यामध्ये एकच शेत होतं, तेही भात कापून मोकळं झालेलं. त्यामुळे आवाज सरळ घरात यायचा. आधी भात वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची खडखड आली. मग तूस काढणाऱ्या शेलरचा घरघराट. त्यानंतर तांदूळ घासून पांढरा करणाऱ्या पॉलिशरने सूर धरला, जाड आणि भरीव. मेघाने श्वास रोखला. पॉलिशरचा सूर जरा चढला आणि सगळं एकदम गप्प झालं.

"परत," ती उशीला म्हणाली.

सावरपाड्याच्या बायकांच्या बचत गटाची ही भातगिरणी. तिथली लोखंडी कपाटासारखी पेटी, जिच्यातून सगळ्या मोटरी चालायच्या, ती मेघाने बसवली होती. मेघा मुरबाडच्या एमआयडीसीत असली पॅनेलं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत कामाला होती. गटाने गिरणी घ्यायचं ठरवलं तेव्हा तिची सासू गीताबाई मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली होती, "पॅनेलसाठी भायेरचा माणूस कशाला? माझी सून तेच काम करते. सगल्या कंपन्यांत जाते." कंपनीने काम घेतलं, मेघाने शिडीवर चढून तारा ओढल्या, गिरणी फिरवून दाखवली. दोन-चार किरकोळ कामं राहिली होती, ती पुढच्या आठवड्यात करायची होती. पण त्याच आठवड्यात तिला अंगावरून लाल गेलं. शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाची वार खाली आहे असं सांगून चालणंच बंद केलं. उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं.

तेव्हापासून गीताबाई तिचं सगळं करत होती. पहाटे उठून पाणी भरायची, तिला न्याहारी द्यायची, केस विंचरून द्यायची आणि मग गिरणीवर जायची. नवरा रत्नदीप आसनगावहून लोकल पकडून कल्याणला कामाला जायचा तो संध्याकाळी यायचा. दुपारी घरात मेघा आणि पोटातलं बाळ एवढीच.

थोड्या वेळाने गीताबाई शेतातून लगबगीने येताना दिसली. पदर कमरेला खोचलेला, केसांवर भुसा. ती घरात आली. माठातलं पाणी प्यायली, पायांवर पाणी घेतलं, मग खाटेच्या कडेला बसली.

"आई, बंद पडली ना?"

"तुला कोनी सांगितलं?"

"ऐकू येतंय मला. पॉलिशर लागला की बंद पडते."

गीताबाईने मान हलवली. "कालधरून तसंच चाललंय. चालू केली की जरा चालते, मंग लाल दिवा लागतो. पाटीवर इंग्लिशमदे कायतरी येतं. जिवली बोलते, पायानं कांडायचो तेच बरं होतं. बोलते, गीताबायच्या सुनेची मशीन गीताबायसारखीच हाय, मनात आलं तर चालते."

मेघाला हसू आलं, पण सासूच्या चेहऱ्याकडे बघून तिने ते गिळलं. म्हसाच्या जत्रेत गटाने दुकान मांडायचं ठरवलं होतं. गावातल्या प्रत्येक घराने त्यासाठी भात आणून गिरणीत ठेवला होता. जत्रा तोंडावर आली होती आणि तांदूळ तयार होत नव्हता.

"कंपनीत फोन केला मी सकाळी," मेघा म्हणाली. "दुसरा इंजिनिअर गुजरातला गेलाय. जत्रा झाल्यावर येईल."

"मंग काय करायचं?"

"मी जाते. रिक्षा दारात बोलवा. गिरणीत खुर्चीवर बसून—"

"गप पड," गीताबाई म्हणाली. एवढा कडक आवाज मेघाने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "गिरन गेली खड्ड्यात. तू हलायचं नाय."

मग मेघाने उशीखालचा फोन काढला.

"मी हलत नाही. पण तुमी माझे हात व्हायचं. मी इथून बघेन, सांगेन ते तिथे करायचं. जमेल?"

गीताबाईने आपले हात पुढे करून बघितले. नखांत तूस होतं. "मला काय कलतंय त्यातलं?"

"तुमाला कळायला नको. मला कळतंय. मला फक्त हात पायजेत."

*

गिरणीत व्हिडिओ कॉल जनाच्या फोनवर लागला. जना वरच्या वाडीतली, गटातली सगळ्यांत चपळ बाई. शिडीवर चढायचं असो की पोत्यावर, ती आधी चढायची आणि मग विचारायची. तिने फोन असा धरला की मेघाला पहिल्यांदा नुसतं छप्पर दिसलं, मग जिवलीचं नाक.

"जनाताई, फोन जरा लांब धरा. पॅनेल दाखवा."

पॅनेल दिसलं. दारावरच्या छोट्या स्क्रीनवर लाल पट्टी होती. मेघाने वाचली. कंट्रोलरला कुठल्यातरी यंत्राचं उत्तर मिळत नव्हतं.

"आई, ऐका. पेटीत जो कंट्रोलर बसवलाय ना, तो शाळेतल्या मास्तरासारखा आहे. सारखी हजेरी घेतो. एक नंबर एलिव्हेटर, दोन नंबर शेलर, तीन नंबर वरच्या टाकीतलं भात मोजणारं यंत्र, चार नंबर पॉलिशर, पाच नंबर वजनकाटा. प्रत्येकाला हाक मारतो आणि ते ओ देतात. कोणी ओ दिली नाही की तो घाबरतो आणि सगळ्यांना थांबवतो. अपघात व्हायला नको म्हणून."

"मंग आता कोन ओ देत नाय?"

"चार नंबर. पॉलिशर."

"जना, चार नंबर ओ देत नाय," गीताबाईने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. मागून बायकांचा गलका आला. कोणीतरी म्हणालं, मंग त्याला नाव घेऊन हाक मारा.

मेघाने आधी मेन स्विच बंद करायला लावला. तो बंद झाल्याचं तिला दाखवायला सांगितलं, मग टेस्टर लावून परत दाखवायला सांगितलं. "मी सांगितल्याशिवाय कोणी चालू करायचा नाही. जिवलीमावशी, तुमी स्विचजवळ उभ्या राहा आणि कोणाला हात लावू देऊ नका." जिवली काठी घेऊन स्विचपाशी उभी राहिली. पुढचा सगळा वेळ तिने स्विचला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मग पॉलिशरच्या ड्राइव्हचं झाकण उघडलं. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारी पेटी. गीताबाईने स्क्रू ड्रायव्हर भाकरी उलटायच्या उलथन्यासारखा धरला होता.

"उजवीकडे दोन बारीक तारा आहेत. एक निळी, एक पांढरी. हळूच ओढून बघा."

गीताबाईने बोटांच्या चिमटीत धरून ओढलं. "पांढरी हलते गो!"

"हलते? मग ती सैल आहे. स्क्रू आवळा. हळू. फार नको, तुटेल."

स्क्रू आवळला, झाकण लावलं. जिवलीने स्विच वर केला. लाल पट्टी गेली. एलिव्हेटर फिरला, शेलर फिरला, पॉलिशरने सूर धरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. जना नाचायला लागली, त्यामुळे मेघाला फोनवर सगळी गिरणीच नाचताना दिसली. गीताबाईचा चेहरा स्क्रीनभर आला, दात दिसेपर्यंत हसणारा.

"झालं गो, मेघा! झालं!"

आणि तेवढ्यात सगळं थांबलं. फोनमधून थांबलं आणि खिडकीतूनही थांबलं.

गीताबाईचं हसू हळूहळू उतरलं. मेघाला वाटलं, आत्ता उठावं आणि शेतातून चालत जावं. तिने खाटेची कड धरली. मग बाळाने लाथ मारली आणि ती परत आडवी झाली.

"सैल तार होती ती बरं झालं सापडली," ती म्हणाली. "पण दुखणं दुसरं आहे. आई, कंटाळलात का?"

"मी कशाला कंटालू? बोल."

"आता मोटरी फिरवायच्या नाहीत. नुसती हजेरी घ्यायची. बघू, शांत वर्गात सगळी पोरं ओ देतात का."

मेघाने स्क्रीनवर कुठे बोट लावायचं ते सांगितलं. जना फोन धरून उभी राहिली, गीताबाई बोट लावून. पाचही नंबरांसमोर हिरवे दिवे लागले. वाट बघितली, तरी हिरवेच राहिले. मग एलिव्हेटर एकटा चालवला. हिरवे. शेलर जोडीला लावला. हिरवे. पॉलिशर लावला आणि त्यात भात सोडला. मोटरीला जोर पडला तसा चार नंबर लाल झाला, पाठोपाठ तीन, मग पाच.

मेघाने फोन डोळ्यांजवळ ओढला. तिला हे आवडायचं. दुखणं पकडीत येतंय असं वाटायला लागलं की तिला जेवायचंही भान राहायचं नाही.

"आई, चार नंबर एकटाच गप्प झाला असता तर मी त्याला दोष दिला असता. पण तो शेजाऱ्यांनाही गप्प करतोय. आता त्याच्या बारीक तारा काढून टाका. हो, ज्या आवळल्या त्याच. जिवलीमावशी, आधी स्विच खाली. आई, टोकं लोंबत ठेवू नका. हजेरी पुढे काट्यापर्यंत जायला हवी, म्हणून आलेल्या आणि पुढे जाणाऱ्या तारा रंगाला रंग जोडा आणि वर टेप लावा."

तारा काढल्या. कंट्रोलरच्या हजेरीतून चार नंबर वगळला. पॉलिशर त्याच्याच पेटीवरचं बटण दाबून चालवला. आता तो हजेरीत नव्हता, कोणाला ओ देत नव्हता, नुसता फिरत होता. तरीही भात सोडल्याबरोबर तीन नंबर लाल झाला.

"म्हणजे पॉलिशर बोलत नाय तरी दुसऱ्यांना बोलू देत नाय," गीताबाई सावकाश म्हणाली.

"अगदी बरोबर. हळदीला बँजो लागल्यावर कोणी हाक मारली तर ऐकू येते का? तसं झालंय. पॉलिशरच्या मोटरची जाड तार गोंगाट करते. हजेरीची बारीक तार तिच्या जवळ असली की गोंगाट तिच्यात शिरतो. पण मी ती जवळ ठेवलीच नव्हती. जनाताई, पॉलिशरपासून पॅनेलपर्यंत तार कशी जाते ते दाखवा. हळूहळू चला."

जना चालायला लागली. फोनमध्ये भिंत सरकू लागली. मोटरची जाड काळी तार दिसली आणि तिला लगटून, अगदी नीट, एकसारख्या अंतरावर जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली बारीक करडी तार. प्रत्येक गाठ सारखी, प्रत्येक टोक आत खोचलेलं. पॅनेलपर्यंत सगळी अशीच. वेणी घालावी तशी.

हिरव्या लुगड्याच्या चिंध्या मेघाने लगेच ओळखल्या. गीताबाईचं ते लुगडं फाटलं तेव्हा त्याच्या अर्ध्या भागाची बाळासाठी दुपटी शिवून कपाटात ठेवली होती.

"थांबा, जनाताई," ती म्हणाली.

गीताबाईने फोनमधल्या सुनेच्या तोंडाकडे बघितलं, मग भिंतीकडे. "ही तार काय?"

"आई, ते आपण नंतर—"

"ही तार समोरच्या भिंतीवर होती. खिल्यांवर. तीच ना?" गीताबाई मागे वळली. सगळ्या बायका बघत होत्या. तिने आवाज खाली केला नाही. "मी बांधली ही. उद्घाटनाच्या दिवशी सकालीच येऊन बांधली. मशीन मीच बिघडवली."

जिवली काठी टेकत टेकत भिंतीपाशी आली, चिंध्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पन बांधलीस काय चांगली गो, गीता."

कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. गीताबाई हसली नाही.

"सगळ्या गाठी सोडा," मेघा फोनमधून म्हणाली. "बारीक तार परत समोरच्या भिंतीला न्या. चार नंबरच्या तारा होत्या तशा लावा. जिवलीमावशी, आधी स्विच खाली."

बायकांनी मिळून गाठी सोडल्या. तार समोरच्या खिळ्यांवर परत गेली, वेडीवाकडी लोंबत. चार नंबर हजेरीत आला. पॉलिशरमध्ये भात सोडला. पाचही दिवे हिरवे राहिले. मेघाने फोन बाजूला ठेवला आणि खिडकीकडे बघत राहिली. पॉलिशरचा जाड सूर शेतावरून येत होता. येतच राहिला.

*

संध्याकाळी गीताबाई घरी आली, तांदळाची भाकर टाकली, सुकटीची चटणी केली, ताट मेघाच्या समोर ठेवलं आणि मोरीपाशी जाऊन भांडी घासत बसली. रत्नदीप आला, त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि शहाणपणा करून अंगणात जाऊन बसला.

"आई, जेवा ना माझ्याबरोबर."

"जेव तू."

"गिरणी चालली ना नंतर?"

"चालली."

"मग?"

भांड्यांचा आवाज थांबला. "मंग काय? मीटिंगमदे मीच बोलले, माझी सून करेल. आन् मीच तुज्या कामावर मानसं हसवली. दोन दिवस बायका तुलाच बोलत व्हत्या. मी ऐकून घेत व्हते. आन् चूक माझी."

"कशाला बांधलीत पण?"

गीताबाई पदराला हात पुसत आत आली. खाटेजवळ खालीच बसली, मेघाकडे पाठ करून. "बँकेचे सायेब येनार व्हते. सरपंच येनार व्हते. आन् ती तार खिल्यांवर लोंबत व्हती. लोक बोलले असते, गीताबायच्या सुनेनं काय लोंबतं काम केलंय. तू इथं पडलेली, तुला उठता येत नाय. मंग मी बोलले, आपन नीट करू. तुजं काम कोनाला वंगाळ दिसायला नको."

मेघाला तो दिवस आठवला. उद्घाटनाच्या दिवशी नुसता शेलर चालवून दाखवला होता, पॉलिशर लागलाच नव्हता. म्हणून त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि गीताबाई घरी येऊन म्हणाली होती, सगले तुजं नाव घेत व्हते.

"ती तार पाइपातून न्यायची होती," मेघा म्हणाली. "तेच काम राहिलं होतं माझं. मी कोणाला सांगितलं पण नाही की हिला हात लावू नका, हिला मोटरच्या तारेपासून लांब ठेवा. सांगायला पाहिजे होतं. आई, माझं अर्धं राहिलेलं काम तुमी झाकलंत."

तिचा आवाज ओला झाला तशी गीताबाई झटकन वळली. "अगो, रडतेस काय? रडू नको. पोटात पोर हाय."

"मी नाही रडत. तुमी जेवा."

"जेवते. पन तू गप."

गीताबाईने त्याच ताटातली भाकर मोडली. एक घास स्वतः खाल्ला आणि दुसरा मेघाला भरवला, चटणी जरा जास्तच लावून. मेघाचे डोळे आता चटणीने पाणावले.

"तिखट झालीय?" गीताबाईने विचारलं.

"फार."

"मंग रडून घे आता. कोन काय बोलनार नाय."

मेघा हसत हसत रडली. अंगणातून रत्नदीपने विचारलं, "येऊ का मी आत?" आणि दोघी एकदम म्हणाल्या, "नको."

*

रविवारी रत्नदीप शहापूरहून प्लॅस्टिकचा पाइप घेऊन आला. घरातला बल्ब बदलायलाही तो टाळाटाळ करायचा, पण त्या दिवशी त्याच्या हातात ड्रिल मशीन होतं आणि डोक्यावर आई.

"मोटरच्या तारेपासून लांब!" गीताबाई खालून ओरडायची. "अजून लांब. बँजो लागलेला असतो तिथं."

"कसला बँजो?" तो विचारायचा.

"तुला नाय कलनार. ठोक तू."

फोनवरून मेघा सांगत होती आणि गीताबाई ते मोठ्या आवाजात पुन्हा सांगत होती, त्यामुळे रत्नदीपला सगळं दोनदा ऐकावं लागत होतं. दुपारपर्यंत पाइप सरळ बसला. जिवली येऊन बघून गेली. तिला चिंध्याच जास्त आवडल्या होत्या, असं ती म्हणाली.

गिरणी पुढे नीट चालली. वीज गेली तेव्हा थांबली, पट्टा घसरला तेव्हा थांबली, पण दिवे लाल झाले नाहीत. गटाच्या बायकांनी पाळ्या लावून भात सडला, पिशव्या भरल्या, शिवल्या आणि टेम्पोत चढवल्या. गीताबाई जत्रेला जायला तयार नव्हती. मेघाला एकटीला सोडून कशी जाऊ, म्हणाली. शेवटी रत्नदीपने सुट्टी टाकली आणि तिला टेम्पोत बसवलं.

म्हसाला बैलांच्या बाजाराच्या अलीकडे बायकांनी दुकान मांडलं. तांदूळ खपत होता. बदलापूरहून आलेल्या एका गृहस्थाने पसाभर तांदूळ हातावर घेऊन बघितला, वास घेतला आणि विचारलं, "तुकडा फार कमी आहे हो. कुठे सडलात?"

"आमच्याच गिरणीत," जना म्हणाली.

"मशीन कोणी बसवून दिलं?"

जनाने गीताबाईकडे बोट दाखवलं. गीताबाई जरा लाजली, मग तिने पदर सारखा केला.

"मशीन माझ्या सुनेनं बसवली," ती म्हणाली. "ती हजेरी घ्यायची असते ना मोटरींची, तिची तार लांब ठेवावी लागते. तुमी कधी बसवली तर ध्यानात ठेवा."

गृहस्थांना त्यातलं काहीच कळलं नाही, पण त्यांनी दोन पिशव्या घेतल्या.

दुपार कलल्यावर दुकानाचं काम जनावर सोपवून गीताबाई घोंगड्यांच्या ओळीत गेली. बाळासाठी तिला लहान घोंगडी हवी होती. विकणाऱ्याने एक दाखवली. तिने ती गालाला लावून बघितली आणि परत दिली. दुसरीही परत दिली. "टोचते," ती म्हणाली. "नव्या जिवाला कशी घालू?" तो कंटाळून म्हणाला, "बाई, घोंगडी टोचतेच." तरी ती तिथेच मांडी घालून बसली आणि ढिगातली एकेक घोंगडी काढून गालाला लावत राहिली.